आम्ही बंदूक घेतो

साठी उलटलेल्या माणसानं हातात जपमाळ घ्यावी, छत्री घ्यावी, फार तर भाजीची पिशवी घ्यावी. बंदूक घेऊ नये, असा आमच्या घराण्याचा संकेत आहे. आमच्या सात पिढ्यांनी शस्त्र म्हणून जे काही चालवलं तो अडकित्ता. त्यामुळे "उद्या मी इतवारीत जाऊन एक गन घेऊन येणार," असं मी जेवताना जाहीर केलं तेव्हा सौ.च्या हातातली वरणाची पळी वाटेतच थांबली. मुलानं सुनेकडे पाहिलं, सुनेनं सासूकडे पाहिलं. एकटा नातू तेवढा खूश झाला.

"आजोबा, ठो?"

"ठो नाही रे, फुस्स," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. पण मंडळी, आज मी जे काही लिहायला बसलो आहे ते सगळं त्या एका 'फुस्स'ची बाजू मांडण्यासाठी. हे जग 'ठो'वर फार भाळलेलं आहे, आणि लाकडाच्या लहानसहान वस्तूंना पाण्यात मिसळणारा रंग मारायचा असेल तर 'ठो' कामाचा नाही, 'फुस्स'च पाहिजे, हे मी आता चारचौघांत ओरडून सांगणार आहे.

बंदूक अर्थात रंगाची. निवृत्तीनंतर मला सुतारकामाचा नाद लागला. सौ. त्याला नाद म्हणत नाही, भुसा म्हणते. चौरंग, पुस्तकांची घडवंची, मसाल्याचा डबा असं करत करत मी नंदीबैलापर्यंत पोचलो. नागपूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी पुजून झालेले असतात; दुसऱ्या दिवशी लहान पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत घरोघर हिंडतात आणि बोजारा गोळा करतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असं इथे सांगतात. पोरांच्या हातात बैल देऊन शेतीचं प्रेम लावण्याची ती युक्ती होती म्हणे. राजे दूरदर्शी खरेच. पण पुढे त्या बैलाला कुठला रंग लागेल याचा विचार त्यांच्याही मनात आला नसणार.

गेल्या वर्षी मी नातवासाठी सागवानाचा हातभर उंचीचा नंदी केला. शिंगं, कान, वशिंड, गळ्यातली माळ, सगळं हातानं कोरलं. रंगाची वेळ आली तेव्हा ओळखीच्या मिस्त्रीनं सल्ला दिला, "काका, एन.सी. मारून देऊ. काचेसारखा चमकन बैल." तो आपला कॉम्प्रेसर आणि नारळाएवढ्या कपाची बंदूक घेऊन आला. बाहेर पाऊस. म्हणून जिन्याखालच्या खोलीत, दारंखिडक्या लावून, ड्यूकोच्या जोरानं त्यानं बैल रंगवला. पाऊण तासात काम फत्ते.

बैल चमकला, यात वाद नाही. घरही चमकलं. खोलीतल्या शिलाई मशीनवर, माझ्या चष्म्यावर आणि लोणच्याच्या बरणीवर पांढरा मुलामा बसला. वास वरच्या मजल्यावर गेला, तिथून शेजारी गेला. सौ.नं धावत जाऊन देवघरातली समई विझवली. बायकांचं शहाणपण कुठल्या पुस्तकातून येतं कोण जाणे. मी मात्र नंतर वाचलं, की थिनरमध्ये सर्रास असणाऱ्या टोल्युइनची वाफ ४ अंश तापमानालाही पेट घेऊ शकते. नागपुरात ४ अंश ही जानेवारीतली पहिल्या पानावरची बातमी असते. म्हणजे बाकीचं वर्षभर आपण थिनरचा डबा उघडतो तेव्हा पेटायची तयारी त्याची पूर्ण असते, आपण समई लावायचाच काय तो अवकाश.

नंदीला वॉर्डातल्या स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. नातू त्याला कवटाळून झोपला. तीन वर्षांचं पोर, झोपेत शिंग तोंडात. रात्री दोन वाजता तो खोकायला लागला, डोळे लाल झाले, आणि पहाटे आम्ही डॉक्टरांच्या दारात उभे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात रंगकाम काढलंय का?" मी मान खाली घातली. दोन दिवसांत तो बरा झाला. बक्षिसाचा स्टीलचा डबा अजून आमच्या मांडणीवर आहे आणि सौ. तो मला दिसेल असाच ठेवते.

त्या दिवशी ठरवलं, पुढचा बैल पाण्याच्या रंगाचा. आणि इथून माझ्या बंदूकपुराणाला सुरुवात होते.

इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मालकाला म्हटलं, लहान लाकडी वस्तूंना पाण्यातला रंग मारायचाय, बंदूक दाखवा. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी सावजी जेवणावळीत जाऊन साबुदाण्याची पेज मागितली होती.

"सर, पानी का रंग? वो तो दीवार पे लगता है." मग त्यानं कपाटातून एक अस्त्र काढलं. वजन दोन किलो. "ये लेके जाओ. फुल प्रेशर. प्रेशर नहीं तो फिनिशिंग नहीं."

मंडळी, 'प्रेशर नहीं तो फिनिशिंग नहीं' हा आपल्या राष्ट्राचा धर्म झालेला आहे. कुकरपासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत सगळे याच धर्माचे. माझं भांडण नेमकं त्याच्याशी आहे. रंग वस्तूला चिकटायला जोर लागत नाही. जोर लागतो तो रंगाचे बारीक थेंब करायला. त्यापलीकडचा जोर त्या थेंबांना वस्तूवर आपटून परत उडवतो. भिंतीवर चेंडू मारावा तसा. जुन्या जोरदार बंदुकीतून उडालेल्या रंगातला निम्म्याहून जास्त वस्तूला लागतच नाही. तो हवेत जातो, बरणीवर जातो आणि नाकात जातो. बैल रंगवण्याच्या निमित्तानं आपण फुप्फुसं रंगवतो.

म्हणून कमी दाबाच्या, जास्त हवेच्या बंदुका आल्या. 'एच.व्ही.एल.पी.' म्हणतात त्यांना. बंदुकीच्या तोंडाशी हवेचा दाब १० पौंडांच्या वर नाही आणि निदान ६५ टक्के रंग वस्तूवर बसला पाहिजे, अशी अट कॅलिफोर्नियातल्या हवेच्या नियमांनी घातली आहे. जुन्या पद्धतीत नळीतून चाळीस-पन्नास पौंडांचा दाब सर्रास लावतात. आता मला सांगा, शहाणा कोण? ओरडून सांगणारा की कानाशी येऊन सांगणारा?

गंमत अशी, की ही फवाऱ्याची बंदूक मुळात नाकघशाचीच. अमेरिकेत टोलेडो गावी डॉ. ॲलन डीव्हिल्बिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध नीट पोचावं म्हणून त्यांनी रबरी फुग्याचा फवारा काढला आणि १८८८ साली त्याचा कारखाना घातला. पुढे त्यांच्या मुलानं, १९०७ च्या सुमाराला, त्याच तत्त्वावर रंगाची बंदूक बनवली. बापानं घसे दुरुस्त करायला काढलेलं यंत्र असं घसे बिघडवायच्या कामाला लागलं. दोष यंत्राचा नाही, मुलाचाही नाही. दोष 'फुल प्रेशर'वाल्यांचा.

बरं, पाण्याच्या रंगाला बंदूक निवडायची कशी? दुकानदार सांगत नाही, तेव्हा मीच सांगतो.

पहिलं, भोक. तांत्रिक भाषेत नोझल. पाण्यातल्या पारदर्शक लॅकरला साधारण १.३ किंवा १.४ मिलिमीटरचं पुरतं. घट्ट पांढरं अस्तर मारायचं असेल तर १.८ पर्यंत जावं. बैलाच्या शिंगासारख्या नाजूक कामाला आणि पातळ रंगाला ०.८ किंवा १ मिलिमीटरची छोटी 'टच-अप' गन झकास. मोठं भोक म्हणजे मोठं काम ही समजूत तोंडालाही लागू पडत नाही, नोझलला काय पडणार!

दुसरं, धातू. पाण्यानं लोखंड गंजतं हे पाचवीच्या पोराला ठाऊक. पण बंदूक घेताना पन्नाशीचा माणूस विसरतो. आतली सुई, नोझल आणि रंगाची वाट स्टेनलेस स्टीलची हवी. नाहीतर दुसऱ्या पोळ्याला पांढऱ्या नंदीवर तांबूस ठिपके येतात आणि आपल्याला सांगावं लागतं, की हा खिलारी नाही, डांगी आहे.

तिसरं, कप वर हवा. वरून रंग आपल्या वजनानं उतरतो, दाब कमी लागतो आणि चार चमचे रंगातही काम होतं. खाली कप असलेल्या बंदुकीला रंग ओढून घ्यावा लागतो, आणि तळाशी उरलेला रंग शेवटपर्यंत वर येत नाही. लहान कामात तळाशी उरतं तेवढंच मुळात लागणार असतं.

चौथं, सर्वांत महत्त्वाचं, आपला कॉम्प्रेसर पाहून बंदूक घ्यावी. एक अश्वशक्तीचा घरगुती कॉम्प्रेसर मिनिटाला तीन-चार घनफूट हवा देतो. मोठी एच.व्ही.एल.पी. बंदूक दहा आणि त्याहून जास्त मागते. म्हणजे एकाच्या पगारावर तीन लग्नं. दोन फटकाऱ्यांत कॉम्प्रेसरला धाप लागते आणि बंदूक रंगाऐवजी थुंकायला लागते. छोट्या गनला तेवढी हवा पुरते. किंवा मग कॉम्प्रेसरच नको, टर्बाइनवाली विजेची बंदूक घ्यावी. ती काही फार परकी नाही. जुन्या काळी व्हॅक्यूम क्लीनरच्या मागच्या तोंडाला लावायची फवाऱ्याची बरणी मिळायची, तिचीच ही सुधारलेली नात.

इथे शेजारचे निवृत्त इंजिनिअर कुंपणावरून डोकावतात. त्यांचा पक्ष कुंचल्याचा. "अहो, हातभर बैलाला बंदूक कशाला? दोन इंची ब्रश घ्या, मोकळे व्हा!" विरोधकांचं खरं असेल ते मान्य करावं, या मताचा मी आहे. फळी, चौरंग, सपाट घडवंची यांना बंदूक लागत नाही. चांगला सिंथेटिक केसांचा ब्रश पुरतो. पण कोरलेल्या माळेत, कानाच्या मागे, चार पायांच्या मध्ये ब्रश फिरवून पाहा. पाण्याचा रंग लवकर आवळतो. परत ब्रश लावला की ओरखडे, आणि खाचेत साचला की ओघळ. इंजिनिअरसाहेबांनी ब्रशनं रंगवलेला बैल मी पाहिला आहे. तो रडत होता.

त्यांचा दुसरा मुद्दा, "पाण्याचा रंग म्हणजे पाणचट." हे मात्र साफ चूक. पाण्याला स्वभाव आहे, तो समजून घ्यावा लागतो. पाण्याचा पृष्ठताण थिनरच्या दुपटीहून अधिक, त्यामुळे त्याचे थेंब सहज फुटत नाहीत आणि तेलकट लाकडावर ते गोळा होऊन बसतात. लाकूड पाणी प्यायलं की त्याचे रेषे हिवाळ्यातल्या अंगावरच्या काट्यासारखे उभे राहतात. म्हणून आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, वाळू द्यायचं, बारीक काचपेपर हळुवार फिरवायचा आणि मगच बंदूक उचलायची. रंग गाळून घ्यायचा. मी सौ.च्या जुन्या नायलॉन साडीचा तुकडा वापरला. ती जुनी नव्हती हे मला नंतर कळलं. वीतभर अंतर ठेवून, हात सरळ रेषेत चालवून, पातळ हात द्यायचे. एक जाड हात हा तीन पातळ हातांना पर्याय नाही. एका बैठकीत सहा पुरणपोळ्या खाणं हा जसा दोन वेळच्या जेवणाला पर्याय नाही.

आणि नागपूरची हवा! मे महिन्यात ४५ अंशांत गच्चीवर बंदूक चालवली तर थेंब वाटेतच सुकतात आणि बैलावर रंगाऐवजी रवा पडतो. पोळ्याच्या दिवसांत उलट, दमट हवेत पाणी उडायलाच तयार नसतं. एकदा दुपारी मारलेला हात मी रात्री दहाला बोटानं पाहिला, तर बोटाचा ठसा आजही बैलाच्या पाठीवर आहे. शिवाय हाताला कोरडा लागणं वेगळं आणि आतून पक्का होणं वेगळं. त्याला पंधरवडा, कधी महिनाही लागतो. तेव्हा पोळ्याच्या आदल्या रात्री बैल रंगवणाऱ्यांनी हा लेख इथेच सोडून द्यावा, त्यांचं काही होणार नाही.

काम संपलं की बंदूक तत्क्षणी धुवावी. ओला आहे तोवर हा रंग पाण्यानं निघतो. वाळला की पाण्याला ओळखसुद्धा दाखवत नाही. दुधाचं पातेलं आणि ही बंदूक, दोघांनाही 'नंतर बघू' चालत नाही.

एवढं सगळं शिकून मी पुन्हा मिस्त्रीकडे गेलो. मोठ्या ऐटीत माझी टीचभर बंदूक त्याला दाखवली. तो हसला. "बाप्पा! काका, खेळणं आणलं काय जी?" त्याच्या कारखान्यात तेव्हा एका कपाटाला पीयू मारणं चालू होतं. तोंडाला रुमाल. मी दारात उभा राहिलो तरी डोळ्यांत पाणी.

"अरे, मास्क कुठाय तुझा?"

"सवय होऊन गेली काका. मले आता वासच येत नाही."

तो हे अभिमानानं सांगत होता. मी विचारलं, कशाचा म्हणजे कशाचाच येत नाही? तो थोडा थांबला. मग म्हणाला, "नाही जी. घरी फोडणी देते तर नुसता आवाज येते. संत्रं सोललं तरी समजत नाही."

नागपूरच्या माणसाला संत्र्याचा वास येत नाही! मला पुढे काही बोलता येईना. वीस वर्षं त्यानं लोकांची कपाटं काचेसारखी केली, आणि त्याच्या जगातून फोडणीचा वास निघून गेला. कापडी रुमाल थिनरची वाफ अडवत नाही. तिला कोळशाच्या डबीचा मास्क लागतो. दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं तर कायमचा दमा लागू शकतो. हे त्याला कुणी सांगितलं नाही, कारण त्याला बोलावणाऱ्या आपण सगळ्यांनी एकच प्रश्न विचारलेला असतो, "चमक येईल ना?"

माझं खरं भांडण इथे आहे. दुकानदाराशी नाही, इंजिनिअरसाहेबांशी तर नाहीच, माझ्याशी आहे. दुसऱ्या बक्षिसाच्या डब्याशी आहे. दुसऱ्याच्या नाकातून उधार घेतलेली चमक आपण दिवाणखान्यात मांडतो. सरकारनं २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली, खेळण्यांनाही २०२१ पासून मानकचिन्ह सक्तीचं केलं. चांगलं केलं. पण घरात स्वतःच्या हातानं केलेल्या बैलावर कुठला निरीक्षक येणार? तिथे आजोबाच निरीक्षक, आणि आजोबाला चमक हवी असते.

आणि हो, पाण्याचा म्हणजे गंगाजल नव्हे. त्याचेही तुषार फुप्फुसात जातातच. २०२० पासून घरोघरी पडून असलेला तो एन-९५ तेवढ्यासाठी काढावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पाण्याच्या काही रंगांतही वेगळा हार्डनर घालतात, त्यांच्यापुढे एन-९५ चं काही चालत नाही. मी ते घेतच नाही. नावाला भुलू नये, डब्यावरचं वाचावं. आमच्या वयात अक्षरं बारीक दिसतात ही सबब चालणार नाही. बैलाचे डोळे रंगवताना बरोबर दिसतं.

यंदाचा नंदी मी तीन आठवडे आधी रंगवला. तीन पातळ हात, मध्ये काचपेपर, दोन दिवस पावसामुळे खाडा. समई तेवत राहिली, लोणच्याची बरणी लोणच्याचीच राहिली. चमक? खरं सांगतो, गेल्या वर्षीइतकी नाही. दुधावरच्या सायीसारखी मंद आहे. मिस्त्री मुद्दाम पाहायला आला. बैल हातात घेऊन त्यानं सवयीनं नाकाशी नेला, मग स्वतःच हसला आणि माझी टीचभर बंदूक उचलून म्हणाला, "काका, हे केवढ्याले पडली?" मी किंमत सांगितली. त्यानं कोळशाच्या मास्कचीही विचारली.

तान्ह्या पोळ्याला परीक्षकांनी नंदी पाहिला. "फिनिशिंग थोडं डल आहे," म्हणाले. बक्षीस नाही. मांडणीवर दुसरा डबा आला नाही याचा सौ.ला झालेला आनंद मला स्वच्छ दिसला.

आमच्याकडे त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. इतवारीत दोघींची गाठ पडते आणि लोक आपापली पीडा त्यांच्या गळ्यात घालून गावाबाहेर पाठवतात. कुणी महागाई, कुणी रोगराई. मी नातवाला खांद्यावर घेऊन गर्दीत उभा होतो, नातवाच्या काखेत बैल. आयुष्यात कधी रस्त्यावर ओरडलो नव्हतो, पण मारबत समोर आली आणि तोंडून निघून गेलं, "थिनरचा वास घेऊन जा गे मारबत! फुल प्रेशर घेऊन जा गे मारबत!"

शेजारच्या चार पोरांनी काही न कळता री ओढली. नातवानं बैलाचं शिंग तोंडातून काढलं आणि विचारलं, "आजोबा, ठो?"

"नाही रे," मी म्हणालो, "फुस्स."

त्यानं समाधानानं शिंग परत तोंडात घातलं. मी काढून घेतलं नाही.